लक्ष्मण यांनी हंस सोडून कावळाच का काढला?

(या भागाचं शब्दांकन. ऐकायचं असेल तर वरचं प्ले बटण दाबा. लोकलमध्ये नेटवर्क गेलं तर हे वाचा, दोन्हीत गोष्ट तीच आहे.)



मी रेकॉर्डिंगला बसले की माझ्या खिडकीत एक पाहुणा हमखास येतो. घाटकोपर पूर्वेला आमचं घर, तिसरा मजला, समोर एक जुनं आंब्याचं झाड. पाहुणा कोण, ते तुम्हाला मागच्या भागांत ऐकू आलं असेलच. एका श्रोत्यानं मेसेज केला होता, "ताई, माईक बदला नाहीतर कावळा बदला." माईक बदलायला पैसे नाहीत आणि कावळा ऐकत नाही. म्हणून म्हटलं, आज भागच त्याच्यावर करू.

आजची गोष्ट आहे आर. के. लक्ष्मण यांची. 'कॉमन मॅन'वाले लक्ष्मण, हो तेच. पण आज कॉमन मॅन थोडा मागे उभा राहील. पुढे असेल कावळा. कारण भारतातला सगळ्यात प्रसिद्ध व्यंगचित्रकार फावल्या वेळात काय काढायचा, तर कावळे. एकटा कावळा, कावळ्यांची टोळी, फांदीवर बसलेले, मान वाकडी करून बघणारे, एकमेकांवर खेकसणारे. आयुष्यभर काढले. त्यांची प्रदर्शनंही भरली.

प्रश्न साधा आहे. मोर आहे, पोपट आहे, हंस आहे. मग कावळाच का?

चिऊची मुंबई, काऊची मुंबई

आपण मराठी माणसं पक्षीशास्त्र कुठे शिकतो? ताटात. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. पुढची गोष्टही ठरलेली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, काऊ दार वाजवतो आणि चिऊ आपली बाळाला तीट लावत बसते. लहानपणी मला या गोष्टीत कधीच काही खटकलं नाही. आता खटकतं. बिचारा बाहेर भिजतोय आणि आपण मात्र चिऊच्या बाजूनं!

गंमत बघा. मुंबईत दोन मोठी माणसं होऊन गेली, एकाचं आयुष्य चिमणीनं बदललं आणि दुसऱ्याच्या आयुष्याला कावळा चिकटला.

पहिले सलीम अली. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, म्हणून मामा त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची वाट दाखवतात, तिथे मिलार्ड नावाचे साहेब कपाटांतले पक्षी उघडून दाखवतात आणि त्या मुलाचं पुढचं आयुष्य ठरून जातं. १९८५ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणी ठेवली.

दुसरे लक्ष्मण. त्यांना कुणी कपाट उघडून दाखवलं नाही. त्यांचा पक्षी कंपाउंडच्या भिंतीवर बसला होता.

घाटकोपरचे देखणे पक्षी

पण थांबा. म्हैसूरला जायच्या आधी मला तुम्हाला माझ्या स्टेशनावर थोडं थांबवायचंय.

घाटकोपर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मेट्रोचा पूल, वडापाव, गर्दी. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९४ च्या सुमाराला, राजा रविवर्म्याचा छापखाना इथे होता. आपल्या घाटकोपरात! दगडावर चित्र उतरवायचं, एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि मग एकावर एक रंग छापत जायचे. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ. काही वर्षांनी छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातात गेला.

या छापखान्यानं काय केलं, तर देव आणि चित्रं दोन्ही घराघरांत आणली. त्याआधी तैलचित्र राजवाड्यात असायचं. आता चाळीतल्या खोलीत, खिळ्याला टांगलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर चित्र पहिल्यांदा 'व्हायरल' झालं.

आणि या चित्रांमधले पक्षी आठवा. सरस्वतीजवळ मोर. कार्तिकेयाचं वाहन मोर. आणि रविवर्म्याचं ते प्रसिद्ध चित्र, दमयंती आणि हंस. दमयंती लाल साडीत उभी आहे आणि हंस तिला नळराजाबद्दल सांगतोय. कॅलेंडरवर, काडेपेटीवर, सगळीकडे तेच. पक्षी म्हणजे देखणा, गोरा, नाहीतर रंगीत, आणि कुणातरी सुंदर व्यक्तीच्या शेजारी उभा, असं आपल्या डोळ्यांना या चित्रांनी शिकवलं.

या सगळ्यात कावळा कुठे होता? होता की. शनीचं वाहन म्हणून. म्हणजे घरात लावायला जरा विचारच करावा लागेल अशा चित्रात.

कावळ्याकडून आपल्याला नेहमी काहीतरी हवं असतं

मला इथे घरातली एक गोष्ट सांगायचीय.

आजी गेली तेव्हा मी बारावीत होते. दहाव्याला पिंड ठेवला आणि आम्ही सगळे बाजूला झालो. कावळा येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. झाडावर दोघे-तिघे बसलेले, खाली बघतायत, पण उतरत नाहीत. मग सुरू झालं. आत्या हात जोडून म्हणाली, "आई, बाबांची काळजी करू नकोस, मी दर आठवड्याला येईन." काका म्हणाला, "गावच्या घराचं वाटणीवरून भांडणार नाही आम्ही." प्रत्येक जण आपापली कबुली देत होता. जे आजीशी बोलायचं राहून गेलं होतं ते एका कावळ्याशी बोलून झालं. शेवटी तो उतरला. बाबांनी कुणाला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

त्याच घरात वर्षभर कावळ्याला काय मिळायचं? "हट् हट्", पापडाच्या वाळवणावर ठेवलेली काठी, आणि "सकाळी सकाळी कुठे ओरडतोय मेला".

आपल्या लोकसंस्कृतीत कावळा इतका भरलेला आहे, पण जवळपास प्रत्येक वेळी आपण त्याच्याकडे काहीतरी मागतोय. खिडकीत ओरडला की पाहुणा येणार. ज्ञानेश्वरांच्या एका विराणीत विरहिणी त्याच्याकडे शकुन मागते आणि बदल्यात त्याचे पाय सोन्यानं मढवायचं वचन देते. लता मंगेशकरांच्या आवाजात ती आपण सगळ्यांनी ऐकलीय, संगीत हृदयनाथांचं. पितृपक्षात पूर्वजांची संमती मागतो. शनीची कृपा मागतो. आणि काही नको असेल तेव्हा म्हणींमध्ये त्याला बदनाम करतो. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणे!

नुसतं बघायला म्हणून कावळ्याकडे कोण बघतं?

म्हैसूरची भिंत

रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण. जन्म २४ ऑक्टोबर १९२१, म्हैसूर. तमिळ कुटुंब, वडील हेडमास्तर, सहा भावांत हे धाकटे. थोरल्या भावांपैकी एक म्हणजे 'मालगुडी डेज'वाले आर. के. नारायण.

तमिळ घरांत जेवणाआधी भाताचा घास कावळ्यासाठी बाहेर ठेवायची पद्धत आजही आहे. आपल्या काऊच्या घासाचाच हा चुलतभाऊ. म्हणजे कावळा घरचाच होता. पण लक्ष्मण यांनी मुलाखतींमध्ये जे कारण सांगितलं ते धार्मिक नाही. ते अगदी चित्रकाराचं आहे. हिरवी झाडं, निळं आकाश, तांबडी माती, पिवळी भिंत, आणि या सगळ्यासमोर तो काळा आकार इतका जिवंत दिसायचा की तीन-चार वर्षांच्या मुलाची नजर तिथेच अडकली. इतर पक्षी भित्रे, रंगांत लपून राहणारे. हा लपत नाही. याला लपायची गरजच वाटत नाही, इतका तो हुशार आहे. हे त्यांना तेव्हाच जाणवलं आणि त्यांनी त्याला काढायला सुरुवात केली. जमिनीवर, भिंतीवर, दारावर, मिळेल तिथे.

मग घरात आलेली मासिकं. 'पंच', 'स्ट्रँड', 'बायस्टँडर', 'टिट-बिट्स'. वाचता येण्याआधी हा मुलगा त्यातली चित्रं बघायचा. तेव्हाची ही पॉप्युलर संस्कृतीच होती, आजच्या मीम पेजसारखी, फक्त बोटीनं यायची. आणि 'द हिंदू'मध्ये यायची डेव्हिड लो या जगप्रसिद्ध व्यंगचित्रकाराची चित्रं. लो यांची सही जरा वळणदार. छोट्या लक्ष्मणनं ती बरीच वर्षं 'काऊ' अशी वाचली! इंग्रजीत काऊ म्हणजे गाय, मला माहितीय. पण मराठी कानाला सांगून बघा. ज्या मुलाचा आवडता पक्षी काऊ, त्याचा आवडता चित्रकारही काऊ. हा योगायोग फक्त आपल्यालाच मराठीत मिळालाय, त्याचा आनंद घ्या.

तर प्रेरणा कुठून आली याचं उत्तर मला असं दिसतं. कावळा मिळाला भिंतीवर. त्याच्याबद्दलचं कुतूहल घरातल्या रीतीभातींनी जिवंत ठेवलं. आणि त्याला पकडायची रेष मिळाली मासिकांमधून. व्यंगचित्राची रेष माणसाची लकब शोधते. कोण कसं उभं राहतं, कुणाची मान कशी तिरकी होते. लक्ष्मण यांनी तीच नजर कावळ्यावर वापरली. म्हणून त्यांचे कावळे पक्षीशास्त्राच्या पुस्तकातले वाटत नाहीत. ते सोसायटीच्या मीटिंगला आलेले वाटतात.

नापास

शाळा झाली, आणि लक्ष्मण यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला अर्ज केला. सोबत चित्रं पाठवली. उत्तर आलं की या चित्रांमध्ये आमच्या संस्थेत विद्यार्थी म्हणून प्रवेश देण्याइतकी गुणवत्ता दिसत नाही.

तुमच्यातले जे कुणी सीईटीचा किंवा कुठल्याही प्रवेशाचा निकाल बघून गप्प बसले असतील, त्यांनी हे वाक्य पुन्हा ऐका.

ते म्हैसूरला बी.ए. झाले. भावाच्या गोष्टींना चित्रं काढत राहिले. आणि मग मुंबईत आलेच, कॉलेजात नाही, वर्तमानपत्रात. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये त्यांचे एक सहकारी होते बाळ ठाकरे. पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया', आणि तिथे ५० हून जास्त वर्षं. १९५१ पासून 'यू सेड इट' आणि त्यातला चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला, कधीच न बोलणारा कॉमन मॅन. १९५४ साली एशियन पेंट्ससाठी गट्टू. १९५५ साली गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये नायक व्यंगचित्रकार आहे, त्याची चित्रं लक्ष्मण यांची. दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' मधली रेखाटनं त्यांची. 'वागळे की दुनिया'ची मूळ कल्पनाही त्यांच्याच पात्रांची. १९८४ साली मॅगसेसे पुरस्कार. म्हणजे लोकांच्या संस्कृतीतून घेतलं आणि व्याजासकट परत केलं.

काळा रंग स्वस्त असतो, सोपा नसतो

आता जरा कारागिरीची गोष्ट.

रविवर्म्याच्या छापखान्यात एका हंसाच्या चित्राला किती दगड लागत असतील विचार करा. कावळ्याला एकच शाई पुरते. लक्ष्मण ज्या काळात काम करत होते तेव्हा वर्तमानपत्र काळं-पांढरं होतं. मोर छापला तर त्याचं सगळं वैभव जातं, कोंबडीसारखा दिसेल. कावळा मात्र छापखान्यासाठीच जन्मलेला पक्षी आहे.

पण यात एक मेख आहे. काळ्या आकारात आत काही दाखवता येत नाही. पिसांची नक्षी नाही, रंगाची भूल नाही. आपला गावकावळा मानेला राखाडी असतो, तेवढीच काय ती सूट. डोमकावळ्याला तीही नाही. मग पक्षी जिवंत करायचा कसा? फक्त बाह्यरेषेनं. पाठीचा बाक, चोचीचा कोन, पायातलं अंतर, मानेची तिरीप. यातलं एक चुकलं की कावळा गेला, नुसता शाईचा डाग उरला. रोज संध्याकाळी डेडलाइनला मंत्र्याचं नाक दोन फटकाऱ्यांत पकडणाऱ्या माणसाला याहून चांगला रियाज कुठला?

घरी एक प्रयोग करून बघा. मी केला. काळा ब्रशपेन घ्या, खिडकीतला कावळा बघा, दहा सेकंदांत काढा. माझ्या पहिल्या सहा कावळ्यांपैकी चार चपला दिसत होत्या.

अजून एक गोष्ट माझी मला वाटते, पटली तर घ्या. कॉमन मॅन आणि कावळा ही जोडी आहे. दोघंही सगळीकडे असतात. मंत्रालयाबाहेर, रेल्वे फलाटावर, लग्नात, मर्तिकात. दोघांना कुणी आमंत्रण दिलेलं नसतं. दोघं सगळं बघतात. फरक इतकाच की कॉमन मॅन ५० वर्षं एक शब्द बोलला नाही, आणि कावळा बोलायचा थांबत नाही. दिवसभर गप्प माणूस काढल्यावर लक्ष्मण यांना बडबड्या पक्ष्याकडे जावंसं वाटत असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

२००३ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. शेवटची वर्षं पुण्यात. २६ जानेवारी २०१५ ला ते गेले.

आजचे हंस

मग आज हे का सांगायचं?

कारण हंस अजून बदललेला नाही, फक्त नाव बदललंय. आज तो फ्लेमिंगो आहे. आमच्या खाडीत थंडीत येतो, ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्य झालं, २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. नवी मुंबईच्या भिंतींवर, चौकांत गुलाबी पुतळे उभे राहिले. आणि मे २०२४ मध्ये एका रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाला थवा धडकला, आणि आमच्याच पंतनगर-लक्ष्मीनगरच्या रस्त्यांवर जवळपास ४० फ्लेमिंगो मरून पडले. बातमी जगभर गेली. जायलाच हवी होती. पण भिंतीवर पक्षी रंगवला म्हणजे तो वाचतो असं नाही, हे त्या सकाळी मला कळलं. चित्र सुंदर असणं आणि नीट बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नीट बघणारे आहेत. नागपूरचा रोहन चक्रवर्ती घ्या. दंतवैद्यकी शिकलेला मुलगा व्यंगचित्रकार झाला, २०१० पासून 'ग्रीन ह्यूमर' करतोय. त्याच्याकडे पक्षी बोलतात, वैतागतात, टोमणे मारतात, आणि हसता हसता तुम्हाला त्यांची खरी माहिती मिळते. काऊची परंपरा मोबाईलच्या स्क्रीनवर पोचली म्हणा ना.

आणि कावळा? त्याचं जगाशी नातं अजून गुंतागुंतीचं आहे. तो जहाजांबरोबर पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला, आणि २०२४ साली केनिया सरकारनं तिथले १० लाख कावळे संपवायचं जाहीर केलं, कारण तिथल्या छोट्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं तो खातो. म्हणजे कावळा साधाभोळा गरीब बिचारा आहे, असं मी म्हणत नाहीये. लक्ष्मण यांनीही त्याला कधी बिचारा काढला नाही. लबाड, सावध, आगाऊ, जसा आहे तसा काढला. त्याच्याकडून शकुन नको होता, संमती नको होती. तो कसा उभा राहतो एवढंच हवं होतं.

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. आंब्यावर घरटं आहे, कावळे डोक्यावर टोच मारतात, फांदी तोडून टाका. चर्चा बरीच झाली. मी लिहिलं की पिल्लं उडेपर्यंत तीन-चार आठवडे छत्री घेऊन जाऊया, आणि पितृपक्षात गच्चीवर कावळा शोधत फिरायचंय हे लक्षात ठेवा. दोन अंगठे आले, एक हसरा चेहरा आला. आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या कधी काही लिहीत नाहीत, एवढंच लिहिलं, "राहू द्या घरटं." फांदी राहिली. छत्र्या घेऊन आम्ही सगळे भर उन्हात वेड्यासारखे दिसत होतो, ते वेगळं.

तर आजचं काम. उद्या सकाळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, जिथे असाल तिथे एक कावळा एक मिनिटभर बघा. फोटो नको. त्याची मान कशी वळते, तो उडी मारून चालतो की पाऊल टाकून, एवढं बघा. जमलं तर काढा. चपलेसारखा दिसला तरी मला पाठवा, माझ्या चार आहेतच.

आणि रेकॉर्डिंगमध्ये आज मध्येमध्ये जो आवाज आला, तो मी एडिट केलेला नाही. तो या भागाचा पाहुणा कलाकार आहे. मानधन म्हणून अर्धी पोळी दिलीय.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!